नळीचं दुसरं टोक

ज्याचा जबडा बांधलाय अशा माणसाच्या पोटात पातळ अन्न पोचवायचं, यात काही मोठी विद्या नाही. हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. हॉस्पिटलात सांगितलं, परतीच्या ट्रकमध्ये सांगितलं, चर्चच्या पायरीवर तर न विचारता सांगितलं. "अरे, होडीच्या इंजिनाला कुठे दात असतात? तरी खातंच ना!"

मी नासोन. मदांग शहराच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. नळी, गाळणी, पंप, झडप! माझ्या हाताखाली आलेली पातळ वस्तू वाहायला लागली नाही, असं आजवर झालेलं नाही.

रुग्ण माझे सासरे.

नाव ————.

ही रेघ छापखान्याची चूक नाही. आमच्याकडे जावयाने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. मी त्यांना 'तांबू' म्हणायचं, त्यांनी मला 'तांबू' म्हणायचं, आणि जगात जे जे करायचं नाही त्यालाही आम्ही 'तांबू'च म्हणतो. सगळं नातं एका शब्दात आलं! नाव घ्यायचं नाही. डोक्याला हात लावायचा नाही. जेवताना तोंडाकडे बघायचं नाही. बाकी प्रेमाने राहायचं.

बायकोच्या माहेरच्या सगळ्यांनाच हा नियम लागू आहे. म्हणून या गोष्टीत सासऱ्यांची धाकटी बहीण येईल तिला मी आत्याबाई म्हणेन, आणि बायकोचा भाऊ येईल तो नुसता मेहुणा. नावं विचारू नका. माझ्या तोंडाला आधीच पुरेसा त्रास झालेला आहे.

जबडा मोडला तो मॅचमध्ये. तांबू खेळत नव्हते, बघत होते. लाल विरुद्ध निळे, रग्बीची वर्षातली ती एक मॅच. दुकानाच्या पडवीत जनरेटर लावलेला, सगळं गाव टीव्हीसमोर. तांबू कट्टर निळे. शेवटच्या मिनिटाला निळे जिंकले, तेव्हा बाकावरची सगळी माणसं एकदम उडाली आणि एकदम खाली आली. बाक मोडलं. तांबूंची हनुवटी जनरेटरवर आपटली. जिंकलेल्या बाजूचा तेवढा एकच जखमी!

हॉस्पिटलात सिस्टर कोईमाने विचारलं, "पेशंटचं नाव?"

"ते... त्या कोपऱ्यातले, सिस्टर."

"नाव."

"डोक्याला पांढरी पट्टी बांधलीय बघा."

सिस्टरने वॉर्डावर नजर फिरवली. सगळ्यांच्याच डोक्याला पांढऱ्या पट्ट्या होत्या. मॅच फारच चांगली झाली होती.

"तांबू लागतो का तुझा?"

"तांबू."

"मग बायकोला बोलव."

"ती मासळीच्या कारखान्यात आहे. तिथल्याच खोल्यांमध्ये राहते, शनिवारी येते."

सिस्टर डोंगराकडची. तिकडेही सासरे असतातच. तिने सुस्कारा सोडला, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला नाव विचारलं आणि लिहून घेतलं. तेवढा वेळ मी दोन्ही कानांत बोटं घालून खिडकीबाहेर पाहत उभा होतो.

नंतर माझी शिकवणी झाली. वरच्या आणि खालच्या दातांना तारांनी एकत्र आवळलेलं. चावणं बंद. पातळ अन्न, दोनदा गाळलेलं. तांबूंचा पुढचा एक दात पूर्वीच गेलेला, त्या फटीतून मऊ नळी आत सरकवायची. सिस्टरने मोठ्या पिचकाऱ्या दिल्या, नळी दिली आणि शेवटी एक छोटी पक्कड माझ्या हातात ठेवली.

"ही खाटेला बांधून ठेवायची. कायम! उलटी झाली, श्वास कोंडला, तर आधी तारा कापायच्या आणि मग रडायचं. त्याच्या उलट करायचं नाही. कळलं?"

"कळलं."

"आणि वजन. म्हातारा आधीच काडी झालाय. आणखी उतरला तर जखम भरणार नाही. मग माझ्याकडे आणू नकोस, पाद्रीकडे ने."

"सिस्टर, काळजी सोडा. मी मेकॅनिक आहे!"

"तीच तर काळजी आहे," सिस्टर म्हणाली.

*

साहित्य. हा भाग मी अभिमानाने सांगतो, कारण अभिमानाचा एवढाच भाग आहे.

मिक्सर नव्हता, म्हणून भोकं पाडायच्या ड्रिलला रंग ढवळायची नवी दांडी लावली आणि जनरेटरवर फिरवली. पहिल्या फेरीत रताळं छताला जाऊन चिकटलं. दुसऱ्या फेरीत माझ्या कपाळाला. तिसऱ्या फेरीत पातेल्यात राहिलं. गाळायला कोरी मच्छरदाणी, दुहेरी घडी घालून. आणि पिचकारी कोण भरत बसणार? मी होडीच्या इंधननळीतला रबरी फुगा लावला. तो हाताने दाबायचा, की टाकीतलं पेट्रोल झुळुझुळु इंजिनाकडे निघतं. फुगा कोरा होता, पिशवी मी स्वतः फाडली. त्याची एक बाजू पातेल्यात, दुसऱ्या बाजूला सिस्टरची नळी. दाबा, सोडा. दाबा, सोडा!

आत काय? दुधाची पावडर, मायलोची चॉकलेटी पूड, उकडलेलं रताळं, अंडं, नारळाचं घट्ट दूध आणि उकळून थंड केलेलं पाणी. रंग गिअरच्या तेलासारखा. चव मी पाहिली. पाप केल्यासारखी गोड!

पातेलं घेऊन मी तांबूंच्या घराच्या शिडीवर चढलो. खांबांवर उभं घर, फळ्यांची जमीन, फळ्यांमधून बोट जाईल एवढ्या फटी. तांबू खाटेवर टेकून बसलेले. मी नळी हातात धरून पुढे झालो.

आणि तिथेच थांबलो.

नळी तोंडात घालायची म्हणजे तोंडाकडे बघायला हवं. तोंड स्थिर ठेवायचं म्हणजे डोकं धरायला हवं. एवढी शिकवणी झाली, एवढं साहित्य जमवलं, छत रंगवलं, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नव्हती!

तांबूंनी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश चादर वर ओढली आणि डोक्यावरून घेतली. आपणच आपल्याला झाकणाऱ्या प्रेतासारखे.

"शरम आहे का रे, तांबू?" आत्याबाई कडाडल्या. "जावई ना तू? सासऱ्याच्या घशात डोकावतोस?"

"मग तुम्ही करा!"

"मी? तुझं ते इंजिन मी चालवू? उद्या माझा भाऊ धूर सोडायला लागला म्हणजे?"

मेहुणा मासे धरायला गेलेला. बायको कारखान्यात. शेवटी मीच तोडगा काढला. मध्ये पडदा लावायचा! पडद्याला भोक, भोकातून नळी. अलीकडे मी फुगा दाबणार, पलीकडे आत्याबाई टोक तोंडात धरणार. बघणं नाही, शिवणं नाही, सगळं रीतीने! एवढं मोठं कापड मात्र एकच होतं, माझ्या लाल टीमचा झेंडा. तो टांगला तेव्हा पलीकडून, दात बांधलेले असूनही, एक लांबलचक गुरगुर आली.

*

पडद्याअलीकडून ऐकू आलेलं, जसंच्या तसं:

मी: नळी तोंडात आहे ना?

आत्याबाई: आहे.

मी: सोडू?

आत्याबाई: सोड.

(फुस्स. फुस्स. फुस्स.)

मी: जातंय का?

आत्याबाई: जातंय की! बघ कसं भराभर जातंय!

मी: आवडलं का त्यांना?

(कुठून तरी खोलवरून एक तृप्त हुंकार.)

मी: वा!

*

मध्येच डुकरिणीबद्दल. तांबूंच्या घराखाली त्यांची डुकरीण असायची, मेहुण्याच्या लग्नात मुलीकडच्यांना द्यायला राखलेली. हाडकुळी, कान फाटलेली, कुणी मनात न घेतलेली. एवढंच. पुढे चला.

*

पातेलं रोज रिकामं व्हायचं. मी ते उलटं करून गावाला दाखवायचो. "थेंब नाही बघा! इंजिन बेस्ट चाललंय!"

मग वजन. आमच्याकडे वजनाचा काटा एकच, सुक्या खोबऱ्याची पोती टांगतात तो. आम्ही तांबूंना झोळीत बसवून आकड्याला टांगलं. सिस्टरने सांगितलेल्या वजनापाशी मी काट्यावर लाल रंगाची रेघ मारून ठेवली होती. पहिल्यांदा काटा रेघेच्या वर होता. पुढच्या वेळी रेघेवर. त्याच्या पुढच्या वेळी झोळीत तांबू आहेत की नाहीत हे आम्हाला वाकून बघावं लागलं.

मी दुधाची पावडर वाढवली. अंडी वाढवली. नारळ दुप्पट केले. पातेलं तितक्याच वेगाने रिकामं. तांबू तितक्याच वेगाने कमी.

मेहुणा एका दुपारी माझ्याजवळ येऊन बसला. कोयता दगडावर घासत होता. माझ्याकडे बघत नव्हता, ते जास्त वाईट.

"तांबू, तू भांड्यात काय घालतोस?"

"दूध, अंडं, मायलो..."

"मग ते जातं कुठे?"

"पोटात!"

"कुणाच्या?"

किती नेमका प्रश्न होता! पण मला तो धमकीसारखा वाटला, कारण कोयता तेवढ्यात घासून झाला होता. आमच्याकडे खाऊन-पिऊन माणूस वाळला की लोक जंत शोधत नाहीत, मंत्र टाकणारा शोधतात. आणि सापडलेल्या माणसाला पुढे बोलायला फारसा वेळ देत नाहीत. दोन घरांनी मला हाक मारणं सोडलं. विहिरीवरच्या बाया माझी सावली पडली की घागर बाजूला ओढायला लागल्या.

मग रडणारी माणसं आली.

माणूस गेल्यावर नातेवाईक तांदूळ-साखर घेऊन येतात, दारात बसून दिवसच्या दिवस रडतात, ही आमची रीत. पण लांबच्यांनी विचार केला, ट्रकचा काय भरवसा? डिझेल मिळेल न मिळेल. म्हणून ते आधीच येऊन राहिले. आंब्याखाली चटया पडल्या, चुली पेटल्या. बाया हेल काढून तांबूंचे गुण गाऊ लागल्या. तांबू वर खाटेवर पडून सगळं ऐकत होते. एका बाईने त्यांना चांगला नाचणारा म्हटलं, तेव्हा त्यांनी काठीने फळीवर दोनदा ठोकलं. खालचे म्हणाले, "निरोप घेतोय बिचारा!" आणि रडणं वाढलं.

मेहुण्याने फळ्या आणल्या. रंधा मारताना मला म्हणाला, "लांबी बरोबर आहे. रुंदी रोज कमी करावी लागतेय."

शनिवारी बायको आली, लोइसा. ती बापाजवळ बसून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"नासोन, त्यांच्या अंगावर हात ठेवला तर हाताला काही लागतच नाही रे. नुसतं हाड. तू देतोयस ना?"

"भांडं भरून! आत्याबाईंना विचार."

"मला खरं सांग. जगतील ना?"

मी तोंड उघडलं. दुकानात असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर तयार असतं. तेल आत जातंय, संपतंय आणि इंजिन थंड पडत चाललंय, असं माझ्या धंद्यात एकाच कारणाने होतं. गळती! पण मी माझ्याकडचा सांधा न् सांधा तपासला होता. पातेल्यापासून पडद्यापर्यंत एक थेंबसुद्धा गळत नव्हता.

पडद्यापलीकडे बघायची मला मनाई होती.

"जगतील," मी म्हणालो. तिने माझा चेहरा वाचला आणि ती खाली रडणाऱ्यांत जाऊन बसली.

*

रविवार. प्रार्थनेहून परतलो, पातेलं भरलं, पडद्याअलीकडे बसलो.

"नळी तोंडात आहे ना?"

"आहे," आत्याबाई म्हणाल्या. आवाज जरा घाईचा.

फुस्स. फुस्स.

मग पलीकडे खोकला. बांधलेल्या दातांमागचा खोकला तुम्ही ऐकला नसेल, ऐकूही नका. बंद पेटीत कुणीतरी आपटतंय असा तो आवाज. एकदा, दोनदा, आणि मग काहीच नाही. मग पडद्याच्या खालून, फळीवरून, एक लाल ओघळ माझ्या गुडघ्यापर्यंत आला.

"आत्याबाई! काय झालं?"

"श्वास! त्याचा श्वास अडकलाय रे!"

"पक्कड घ्या! खाटेची पक्कड!"

"ती... ती खाली आहे!"

"खाली कुठे?"

"बायांकडे!"

पक्कड बायांकडे कशाला, हे विचारायला वेळ नव्हता. खाटेच्या पायाला घट्ट दोरी बांधलेली मी पडद्याच्या कडेने पाहिली. दोरीच्या टोकाला काही नव्हतं.

माझ्या खिशात माझी स्वतःची पक्कड असते. झोपतानाही असते. मी उठलो. समोर लाल झेंडा. मी तिथे उभा राहिलो, आणि किती वेळ ते सांगवत नाही, कारण फार थोडा होता आणि तरी नको इतका होता. पलीकडे माणूस मरत होता. अलीकडे माझा बाप, आजा, पणजा, ज्यांच्यापैकी एकानेही असं काही केलं नव्हतं, सगळे माझा शर्ट मागून धरून उभे होते.

मी झेंडा खेचून पाडला.

"————!" मी ओरडलो. पूर्ण नाव! बापाच्या नावासकट! "————, मान वर! वर बघा!"

त्यांचं डोकं मी काखेत धरलं. चेहरा निळा पडलेला. (निळ्या टीमचा माणूस, पण इतका नको!) एक तार, दुसरी, मागची, पुन्हा पुढची, ओठ फाडत, ग्रीस माखत मी कापत सुटलो. जबडा लोंबला. मी दोन बोटं घशापर्यंत घातली आणि एक लाल चोथ्याचा गोळा बाहेर काढला. तांबूंनी श्वास घेतला. जुनं इंजिन पहिल्यांदा पकडतं ना, तसा. मग आणखी एक.

खाली रडणं बंद झालं होतं. सगळ्या गावाने नाव ऐकलं होतं.

मी हातातल्या गोळ्याकडे पाहिलं. रक्त नव्हतं. सुपारी होती! कोवळी ओली सुपारी, पान-चुन्यासकट खलात कुटलेली.

"त्याला तलफ आली होती रे," आत्याबाई कोपऱ्यात बसून रडत होत्या. "बोळक्या म्हाताऱ्यांना आम्ही कुटून देतोच ना! मी बारीक कुटली होती. पिचकारीतून गेली असती..."

"आणि पक्कड?"

"सुपारी कशाने फोडू? अडकित्ता हरवलाय! खाली बायांनी मागितली, म्हणून दिली."

तेव्हा मला नळी दिसली. पडद्याच्या भोकातून आलेली माझी नळी तांबूंच्या खाटेकडे गेलीच नव्हती. ती फळीवरून सरळ जाऊन दोन फळ्यांमधल्या फटीत उतरली होती. मी ओणवा होऊन फटीला डोळा लावला. खाली डुकरीण बसली होती. तोंड उघडं, डोळे वर लावलेले, प्रसाद घ्यायला बसल्यासारखी. फाटका कान नसता तर मी तिला ओळखलं नसतं. अंगावर हाड औषधालाही नव्हतं!

*

हॉस्पिटलकडचा ट्रक मंगळवारी जाणार होता, म्हणून सोमवारी न्याय झाला.

आंब्याखाली, रडायला आणलेल्या चटयांवर. गावचा कौन्सिलर पॉलस खुर्चीवर. तांबू दुसऱ्या खुर्चीवर, जबडा फडक्याने डोक्याशी बांधलेला. बोलायचं झालं की एका हाताने हनुवटी धरायचे.

"तू नाव घेतलंस?" पॉलसने विचारलं.

"घेतलं."

"हळू घेतलंस का?"

"पलीकडच्या बेटावर ऐकू गेलं," मेहुणा म्हणाला.

"डोक्याला हात लावलास?"

"डोकं काखेत धरलं होतं."

"तोंडात पाहिलंस?"

"घशापर्यंत. बोटंही घातली."

चटयांवरून कळवळल्याचा आवाज उठला. पॉलसने डोळे मिटले. "म्हणजे काही ठेवलंच नाहीस! दंड एक डुक्कर."

"अहो, ते मरत होते!"

"म्हणून एकच."

माझ्याकडे डुक्कर नव्हतं. होतं ते सगळं या घराखाली गेलं होतं. मी म्हणालो, "ही डुकरीण बघा. हिच्या अंगावरचं मांस कुणाचं? दूध माझं, अंडी माझी, मायलो माझा! हिची हाडं तांबूंची असतील, चरबी माझी आहे!"

पॉलसने बराच विचार केला. खरोखर न्यायी माणूस. "बरोबर आहे. अर्धी डुकरीण तुझी. ती तू दंडात देऊन टाक. उरलेली अर्धी त्यांची आहेच. म्हणजे डुकरीण त्यांची झाली. कापा!"

"माझं लग्न?" मेहुणा ओरडला.

"फळ्या तयार आहेत ना? पलंग कर. बाकीचं पुढच्या वर्षी."

दंडाचं डुक्कर कापलं की सगळ्यांनी खायचं, म्हणजे लाज पुसली जाते. फक्त दंड देणाऱ्याने खायचं नसतं. आणि ज्याची लाज गेली त्याने पहिला घास घ्यायचा. त्याने घेतला नाही, तर काहीच पुसलं जात नाही.

हाडांचं पाणी मीच उकळलं, मीच दोनदा गाळलं. वाटी तांबूंसमोर धरायला लोइसा पुढे झाली. तांबूंनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सगळे थांबले. कुत्रीसुद्धा.

"तुम्ही का नाही प्यायलात, बाबा?" लोइसाने विचारलं. "इतके दिवस?"

तांबूंनी हनुवटी धरली.

"गिळताना आवाज होतो. घळ्ळ, घळ्ळ. पडदा काय, कापड. हा पलीकडे बसून ऐकणार." ते दम घेत होते. "जावयाने लहान पोरासारखं भरवायचं आणि मी आवाज करत गिळायचं? त्यापेक्षा मेलो असतो. नीट, रीतीने मेलो असतो. बहिणीला म्हटलं, मला रात्री नुसतं पाणी दे, हे डुकरिणीला घाल. निदान घराचं काही नुकसान नको."

कुणी हसलं नाही. मी पातेल्यातच बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघायचं ते कळत नव्हतं.

"आता?" लोइसा म्हणाली.

तांबूंनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी माझ्या डोळ्यांत सरळ पाहिलेलं मला तरी आठवत नव्हतं.

"आता काय राहिलंय?" ते म्हणाले. "घशात बोटं घालून आलाय हा. तांबू, इकडे ये. तूच दे."

मी दिली. ते प्यायले. घळ्ळ, घळ्ळ, घळ्ळ! आंब्याखालच्या सगळ्यांना ऐकू जाईल असे. वाटी संपली, तेव्हा बाया रडायला लागल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कारणाशिवाय.

*

मंगळवारी सिस्टर कोईमाने तोंडात टॉर्च घातला. "तारा कुणी कापल्या?"

"मी."

"ग्रीस का लागलंय?"

मी हात पाठीमागे घेतले.

"बरोबर कापल्यास," ती म्हणाली. या सगळ्या प्रकरणात माझी स्तुती झाली ती एवढीच. मग तिने तारा पुन्हा आवळल्या, पक्कड पुन्हा हातात दिली, या वेळी माझ्या गळ्यात साखळीने अडकवून, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

काटा आता लाल रेघेच्या वर आहे. तांबू पडद्याशिवाय पितात, माझ्यासमोर, गरजेपेक्षा जास्त आवाज करत. मला वाटतं, मुद्दाम. नासका नारळ आला की काठीने मला ठोकतात. झेंड्याचं आत्याबाईंनी पायपुसणं केलं.

त्या डुकरिणीचं मटण मात्र गाजलं. सगळे म्हणतात, असं कधी खाल्लं नव्हतं, दुधासारखं मऊ, आतून गोडसर! मी चाखलं नाही, त्यामुळे मला माहीत नाही. पण हल्ली किनाऱ्यावरच्या गावागावांतून लोक माझ्या दुकानात येतात. इंजिनासाठी नाही. डुकरांना घालायला ते मिश्रण हवं असतं! मी ड्रिल काढतो, मच्छरदाणी काढतो, बादल्या भरून देतो. हॉस्पिटलात शिकलेली विद्या अशी कामाला आली.

एकच अडचण आहे. लोकांनी त्या मिश्रणाला ज्याच्यामुळे ते जन्माला आलं त्या माणसाचं नाव देऊन टाकलंय. सगळ्या किनाऱ्यावर ते त्याच नावाने चालतं. नवं गिऱ्हाईक दुकानासमोर उभं राहून विचारतं, "तुम्ही विकता ते, ते काय म्हणतात त्याला?"

आणि मी, त्याचा कर्ता, बादली हातात घेऊन म्हणतो:

"————."